वळू तपासला, नवरा राहिला

मे महिन्यातला दुसरा रविवार, दुपारचे चार. हजर: सासूबाई, धाकटी जाऊ (सातवा महिना, डोहाळजेवण तिचंच), मामीसासू, वाडीतल्या अकरा सवाष्णी आणि मी. पडवीत माझा नवरा आणि धाकटे भावोजी, दोघेही मुंबईहून रजेवर आलेले.

हजेरी लिहायची मला सवय आहे. दहा वर्षं मी वाडीची पशुसखी. कुठली गाय कधी माजावर आली, कधी वळू दाखवून भरवली, कधी व्याली, सगळं माझ्या वहीत. त्या दिवसाची यादीही मीच केली होती. फुलांचे दागिने, खण, नारळ, पाच फळं. ओटी भरणाऱ्या पाचजणींत पहिलं नाव माझं. मोठी जाऊ म्हणून.

ताट उचलून दोन पावलं गेले, तोच मामीसासूंनी ते हातातून काढून घेतलं.

"तुझा हात नको गो. पोटुशी हाय ती."

ओढाताणीत नारळ गडगडत जावेच्या पायापाशी गेला. मी उचलायला वाकले. तिने पाय मागे घेतले.

त्याच दिवशी सकाळी सहाला याच मामींनी हाक मारून मला गोठ्यात नेलं होतं. त्यांच्या गाभण गाईच्या पोटावर हाच हात ठेवून मी वासरू हलतंय म्हणून सांगितलं होतं. तेव्हा हात चालला.

मामींनी ताट दुसरीच्या हाती दिलं आणि म्हणाल्या, "गावच्या गाई गाभण करते नि आपण सोता दर महिन्याला उलटते!"

भरवलेली गाय एकवीस दिवसांनी परत माजावर आली की ती उलटली असं आम्ही म्हणतो. सगळ्या हसल्या. जाऊसुद्धा, ओठ दाबून. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गणपतीपतूर वाट बघायची. नायतर त्येच्यासाठी दुसरी बघायला लागंल."

माझ्यासमोर. डब्यातला तांदूळ संपत आलाय, असं सांगावं तशा सुरात.

पडवीची खिडकी उघडी होती. नवरा मोबाइल बघत बसला होता. मान वर झाली नाही.

मी कुठे जाणार होते? घर त्याच्या नावावर. माहेरी भावाच्या दोन खोल्या, माणसं सहा. लग्नाला एकोणीस वर्षं झालेली. तेवढ्या वर्षांत गर्भनळ्यांची तपासणी दोनदा झाली, दुर्बीण एकदा, उपास किती ते लिहून ठेवले नाहीत. शेवटी रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं सगळं ठीक आहे. मूल निम्मं बाईचं, निम्मं पुरुषाचं. आता त्यांना आणा." वीर्यतपासणीची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी सात वर्षं माझ्या वहीत आहे. नवऱ्याला दाखवली तर म्हणाला, "मला काय झालंय? तुझं बघ."

मी माझंच बघत राहिले. हे मी कबूल केलं पाहिजे.

गाय माजावर आली की दिवसभरात भरवावी लागते. वेळ चुकली की एकवीस दिवस थांबा. बाईचेही महिन्यातले मोजकेच दिवस असतात. माझ्या नवऱ्याची रजा वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि गणपतीला. माझे दिवस त्याच्या कंपनीला विचारून येत नाहीत. गाईंच्या तारखा लिहिता लिहिता हे मला कधीच कळलं होतं. बोलले मात्र कुणाशी नाही.

तो नारळ हातात धरून उभी होते आणि वहीतलं मागल्या वर्षीचं पान आठवलं. वाडीतल्या सहा गाई पाठोपाठ उलटल्या. वाडीने गाईंना दोष दिला. एकीला अंगारा लावला, एकीला पाला चारला, एक तर विकायला काढली. सहाही गाई मामींच्याच वळूने भरवलेल्या. वळू धिप्पाड, त्याच्यावर संशय कोण घेणार? मी वही पुढे केली, गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. वळूचं वीर्य तपासलं. निकामी निघालं. वळू बदलला आणि सहातल्या पाच गाई गाभण राहिल्या. वळू बदलताना कुणाची अब्रू गेली नव्हती.

मी म्हणाले, "मामी, सहा गाई उलटल्या तेव्हा आपण कोणाला तपासलं?"

मामी ओटीच्या ताटाकडे वळल्या.

"सांगा ना. तुमच्याच गोठ्यातला होता."

"गाय नि बाई एक काय गो?"

"नाही ना? मग निदान गाईला दिलात तेवढा न्याय मला द्या."

पडवीत गेले. पिशवीतली वही काढली, चिठ्ठी नवऱ्यापुढे धरली. "उद्या साडेसातची एसटी. दोघं जाऊ."

"चार बायकांसमोर माझी अब्रू काढतेस?"

"माझी मघाशी काढली, तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात."

दुसऱ्या दिवशी सव्वासातला मी थांब्यावर होते. एसटी आली, गेली. घरी परतले तर त्याची बॅग नव्हती. रजा दोन दिवस बाकी असताना धाकट्या भावोजींच्या मोटारसायकलवरून स्टेशनला गेला होता.

आता श्रावण लागलाय. देवघराच्या फळीवर सासूबाईंनी एका मुलीचा फोटो ठेवलाय. रोज दिवा लावताना तो मला दिसतो. त्याच घरात भाकऱ्या थापते. मामी हाक मारतात तेव्हा गोठ्यातही जाते. गाईने माझं काही वाकडं केलेलं नाही.

पण माझ्या अंगाला आता एकही सुई टोचली जाणार नाही. अंगारा नाही, उपास नाही. 'वांझ' हा शब्द कुणी काढला की मी वही उघडते. तिच्यात नवऱ्याच्या नावाचं पान केलंय, वळूसाठी केलं होतं तसंच. नाव, तपासणीची तारीख, निकाल.

चिठ्ठी जुनी झाली म्हणून डॉक्टरीणबाईंकडून नवी लिहून आणली. गणपतीला तो उतरेल तेव्हा स्टेशनवर मी उभी असणार. आधी दवाखाना, मग घर. तो नाही म्हणाला, तर 'नकार' असं तारखेसह लिहीन आणि ते पान आरतीला जमलेल्या वाडीपुढे वाचीन.

गणपतीची यादी आज पुरी केली. मखर, वाती, तांदूळ, पन्नास नारळ, सगळ्यांपुढे खूण झाली. पहिल्या ओळीपुढे नाही.

नवऱ्याची तपासणी: बाकी.