खिळ्याला काहीच झालं नाही

आमच्या शाळेत विज्ञानाचे तयार पाठ आले तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी नाकं मुरडली आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. कारण साधं होतं. माझा आवाज गेला होता.

गेला म्हणजे एकदम नाही. आधी शेवटच्या तासाला बसायचा, मग मधल्या सुट्टीआधीच, मग सकाळी परिपाठालाच. भरगच्च वर्ग, वर घरघरणारे पंखे, खिडकीखाली दिंडोरी रोडवरच्या गाड्यांचे हॉर्न, आणि या सगळ्याच्या वर वर्षानुवर्षं शिरा ताणून ओरडणारी मी. दुसरं काय होणार? ज्येष्ठमध झाला, हळद-दूध झालं, शेजारणीने सांगितलेला अडुळशाचा काढाही झाला. शेवटी डॉक्टरांनी नळी घालून घसा आतून बघितला आणि म्हणाले, "मॅडम, स्वरतंतूंवर गाठी आहेत. आवाज जपून वापरा. असाच वापरलात तर कायमचा जाईल. ऑपरेशन करून परत येईलच, असं मी सांगणार नाही."

निवृत्तीला पाच वर्षं होती. मुकी बाई कुठल्या शाळेला चालते? घरी येताना रिक्षात मी रडले, तेही बिनआवाजाचं.

अशात वर्गात फळ्याशेजारी तो मोठा पडदा लागला. दहावीचं अख्खं विज्ञान त्यात भरलेलं. धडा निवडायचा, बटण दाबायचं आणि बाजूला उभं राहायचं. पडद्यावर एक टापटीप बाई येई, "चला तर मग मित्रांनो" म्हणे आणि पाठ सुरू होई. मला ती बाई पहिल्या दिवसापासून आवडली नाही, पण तिच्या घशाचा मला हेवा वाटला. तिला खडूची धूळ नाही, मतदारयादीचं काम नाही, मागच्या बाकावर कोण काय करतंय याची फिकीर नाही. सकाळच्या तुकडीला बोलायची तशीच ती दुपारच्या तुकडीला बोलायची. तिच्या परीक्षानळीत कधी तडा गेला नाही, तिची काडेपेटी कधी सादळली नाही, तिचा प्रयोग कधी फसला नाही.

पाठ शेवटपर्यंत वाजला की मुख्याध्यापिकाबाईंच्या संगणकावर माझ्या नावापुढे हिरवी खूण उमटायची. मधेच थांबवला किंवा लावलाच नाही तर लाल. मुलांना काय कळलं याची खूण कुठेच नव्हती. पण मी तक्रार केली नाही. कशाला करू? पावसाळाभर माझ्या सगळ्या खुणा हिरव्यागार होत्या आणि घसाही जरा निवला होता. बाई बोलायची, मी खुर्चीत बसून वह्या तपासायचे. घरचे म्हणायचे, "हल्ली तू शाळेतून येतेस तेव्हा माणसासारखी दिसतेस." खरं होतं ते. फक्त वर्गातून बाहेर पडताना आपण तिथे गेलोच नव्हतो असं वाटायचं. तेवढं मी सोसत होते.

दिवाळीनंतर प्रयोगांचे तास सुरू झाले. पहिलाच प्रयोग मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, पाण्यात लोखंडी खिळा टाकायचा. लोखंड तांब्याला पाण्यातून हुसकावून लावतं, खिळ्यावर तांबूस थर चढतो आणि पाण्याचा निळा रंग फिका होतो. दरवर्षी होणारा, शेंबडं पोरही सांगेल असा. पडद्यावरच्या बाईने आदल्या दिवशीच तो करून दाखवला होता. तिचा खिळा कसा, बघता बघता तांब्याचा झाला.

आमच्या प्रयोगशाळेत सामान काढून ठेवणारे एक मामा आहेत. माझ्याआधीपासून शाळेत असलेले, जिवाला जीव देणारे. दरवर्षी खिळे गंजायचे आणि पॉलिश पेपरने घासताना मुलांची बोटं सोलायची, हे त्यांना फार लागायचं. त्या दिवशी त्यांनी बशीत नवे खिळे मांडले होते. आरशासारखे चकचकीत.

"मॅडम, यंदा घासायचं कामच नाय," ते खुशीत म्हणाले. "लय भारी आणलेत. पाण्यात ठेवा, पावसात ठेवा, गंज म्हणून चढायचा नाय."

मी मान हलवली. न गंजणारा खिळा मोरचुदालाही दाद देणार नाही, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पण मी दमलेली होते आणि बोलायचं टाळत होते. गटागटाने नळ्या भरल्या गेल्या, खिळे आत सोडले गेले आणि मी खुणेनेच सांगितलं, थांबा, मग निरीक्षणं लिहा.

थोड्या वेळाने उठून फिरले. सगळ्यांच्या माना खाली, पेनं भराभर चाललेली. एका वहीत डोकावले: 'खिळ्यावर तांबूस थर जमा झालेला दिसतो.' दुसरीत तेच. तिसरीत तर त्या बाईचं वाक्य जसंच्या तसं, 'मनोहारी निळा रंग हळूहळू फिकट होतो.' मनोहारी! मी नळी उचलून उजेडात धरली. पाणी होतं तितकंच निळं आणि आत खिळा नव्या नवरीसारखा चमकत होता. कुणी नळीकडे बघतच नव्हतं. बघायची गरज काय? काय दिसायचं ते काल कळलेलं होतं.

खिडकीजवळच्या एका मुलीचं पेन तेवढं थांबलं होतं. ती ढकांब्याकडून एसटीने येणारी, हुशार म्हणावी अशीही नाही, वर्षभरात तिने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. मी जवळ गेल्यावर तिने नळीकडे बोट केलं.

"मॅडम, खिळ्याला काहीच झालं नाय."

मी तिचीही नळी उचलून बघितली. तिला वाटलं, चुकलंच आपलं काहीतरी. मग तिने हळूच विचारलं, "मग जे दिसलं ते लिहू, का जे यायला पाहिजे ते?"

आवाजात कुचेष्टा नव्हती. परीक्षेत शाई निळी वापरू की काळी, इतक्या सरळपणे तिने विचारलं होतं.  एवढी वर्षं घसा फाडून मी यांना शिकवलं काय? डोळे मिटून उतरवून घ्यायला? राग आला मला. त्या बाईचा आला, हिरव्या खुणांचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या खुर्चीचा आला.

"थांबा सगळे," मी ओरडले. आवाज फाटका निघाला, पण निघाला. "पेनं खाली. नळीकडे बघा."

भिंतीवर कुणा शास्त्रज्ञाची तसबीर होती, ती उतरवून टेबलावर ठेवली. तसबिरीचा जुना खिळा मामांनी भिंतीतून पक्कडीने उपटून दिला. तो घासता घासता मी बोलत होते. निफाडकडच्या आमच्या द्राक्षबागेचं सांगत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, मोरचूद आणि चुना कालवून वेलींवर फवारायचं औषध करायचे. फवारायच्या आधी घासलेला विळा त्यात बुडवून ठेवायचे. पात्यावर तांबूस डाग चढला तर चुना कमी पडलाय, तसंच फवारलं तर पानं करपणार. मग आणखी चुना घालायचा आणि पुन्हा विळा बुडवायचा. "अण्णांनी कधी न बघता फवारलं नाही," मी म्हणाले. "बाग जळाली असती. तुमची वही जळत नाही, म्हणून तुम्ही काहीही लिहिता."

मग तो गंजका खिळा घासून नळीत सोडला. सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला. खिळ्यावर तांबूस साय चढायला लागली तेव्हा कुणीतरी "आयला!" म्हणालं आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मामा बशीतल्या खिळ्यांकडे बघत कानकोंडे झाले होते. मी त्यांना म्हणाले, "मामा, तुमच्या खिळ्यांमुळेच आज तास झाला." दोन्ही खिळ्यांचं खरं खरं लिहा, असं सांगून मी तास संपेपर्यंत बोलत राहिले. थांबायला हवं होतं, कळत होतं, पण थांबवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज नव्हता. फाटकाही नव्हता, नुसती हवा. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून संगणकाकडे बोट केलं. "काल तुम्ही त्या प्रयोगाचा उजळणी पाठ लावलाच नाही? लाल दिसतंय. असं करू नका हो, मला वरती उत्तर द्यावं लागतं." त्याही दमलेल्याच होत्या. मी कागदावर लिहिलं, 'आज लावते.'

आणि लावला. दुसरं करणार काय? तो संपल्यावर पुढचा धडा कार्बनचा होता. बाई आली, चला तर मग मित्रांनो म्हणाली, चुन्याची निवळी घेतली आणि नळीने तिच्यात फुंकलं. मी खुर्चीत बसले होते. घसा जळत होता आणि मनात डॉक्टरांचं एकच वाक्य घोळत होतं. एका तासाच्या हौसेपायी पुढची पाच वर्षं घालवली की काय, अशी भीती वाटत होती. हौस करायचे दिवस गेले, मी स्वतःला बजावत होते.

"अशा प्रकारे निवळी दुधाळ झालेली आपल्याला दिसते," बाई म्हणाली.

खिडकीजवळून हात वर आला. "मॅडम, आपल्याला कुठं दिसली?"

वर्गात कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मला काही धन्य वगैरे वाटलं नाही. आता उठावं लागणार, एवढंच वाटलं. मी बटण दाबलं. बाई पडद्यावर तोंड उघडं ठेवून थांबली, म्हणजे आजही खूण लालच. प्रयोगशाळेची किल्ली मामांकडे होती आणि त्यांना हाक मारायला माझ्याकडे आवाज नव्हता. मी त्या मुलीला किल्लीची खूण केली. ती पळत गेली.

मामांनी प्रयोगशाळा उघडून निवळी काढून दिली. मुलं टेबलाभोवती उभी राहिली, कालच्यापेक्षा जवळ.  मी नळी तोंडात धरली आणि फुंकलं. फुंकायला आवाज लागत नाही. निवळी पांढरी व्हायला लागली तशी ती मुलगी वाकली आणि डोळे मोठे करून बघत राहिली.