कागदखान्यातली मावशी

छापखाना म्हटलं की लोकांना कळतं, दवाखाना तर कळतोच. पण माझी मावशी ‘कागदखाना’ म्हणाली की हल्लीची पोरं हसतात. “कागद कोण खातं, आजी?” म्हणून चिडवतात. ती काम करायची तिथं आता पेपर मिलची पाटी आहे. मावशी पाटीकडे बघतसुद्धा नाही. “गिरणीत दळतात. आम्ही काय पीठ पाडत होतो?” म्हणते. त्या शब्दासाठी ती भांडलेली आहे, सहजासहजी सोडणार नाही.

तेव्हा कागदखान्यात बायका फक्त चिंध्या निवडायच्या आणि ओले ताव भिंतीवर वाळत घालायच्या. हौदावर पुरुष. हौदातल्या चिंध्यांच्या लगद्यात जाळीची चौकट बुडवायची, हलवून उचलायची, जाळीवर कागद धरतो. काका, म्हणजे मावशीचा नवरा, त्यात मुरलेला होता. एका हिवाळ्यात त्याचा खांदा धरला तो सुटलाच नाही. चमचाही डाव्या हातानं धरायची पाळी आली.

दुसऱ्याच आठवड्यात मावशी पदर खोचून त्याच्या हौदापाशी उभी राहिली.

मुकादम धावत आला. “वहिनी, हे काय? कागदखान्यात बाई हौदावर चालत नाही.”

“खाना म्हणजे काय हो, मुकादम?”

“खाना म्हणजे… जागा. घर.”

“मग बाई चालत नाही असं कुठलं घर तुम्ही पाहिलंत?”

चिंध्यांच्या ढिगाकडून हशा उसळला. मुकादमाचे कान लाल झाले. “बघू किती दिवस टिकता,” म्हणून तो निघून गेला.

मावशीचा पहिला ताव एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला फाटका निघाला. पुढचेही तसेच. शेजारच्या हौदावरचा म्हणाला, “हा कागद की घोंगडी?”

“थंडीत तुलाच देईन पांघरायला,” मावशी म्हणाली आणि चौकट पुन्हा बुडवली.

संध्याकाळी ओल्या तावांची चळत दाबायची वेळ झाली. दाबाचा दांडा ओढायला चार माणसं लागतात. पुरुषांनी सरळ पाठ फिरवली. मावशीनं एकटीनं दांड्याला लोंबकळून पाहिलं, तो तसूभर हलला नाही. तेवढ्यात चिंध्यांवरची म्हातारी उठली. तिच्यामागून बाकीच्या आल्या. सगळ्यांनी मिळून दांडा असा खेचला की चळतीतून पाण्याची धार लागली. कोणीतरी मुकादमाच्या नावानं शिवीही हासडली.

घरी मात्र काका तोंड फिरवून बसला होता. “माझी जागा घेतलीस.”

“रिकामी होती. दुसऱ्यानं घेतली असती तर चाललं असतं?”

मावशीनं त्याची समजूत घातली नाही. मनगटाला तेल चोळलं आणि सकाळी पुन्हा हौद गाठला.

तिसऱ्या दिवशी काका आला. हात गळ्यात बांधलेला. दाराशीच उभा राहून बराच वेळ बघत होता. शेवटी राहवेना तेव्हा ओरडला, “अगं, मनगटानं काय ढवळतेस! कंबरेतून हल. चौकट स्वतःकडे घे, मग लांब सोड!”

“मग इतके दिवस काय मूग गिळले होते?”

“तू विचारलंस कधी?”

त्यानंतर तो रोज येऊन हौदाच्या काठावर बसू लागला. दोघं दिवसभर कचाकचा भांडायची आणि कागद सुधारत जायचा. एके दुपारी मुकादमानं तिचा वाळलेला ताव उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, उलटसुलट केला. कुठं गाठ नाही, कुठं विरळ नाही.

“बरा आहे,” तो म्हणाला.

“बरा नाही, चांगला आहे. नीट म्हणा.”

सगळे हौद थांबले होते. मुकादमानं ताव खाली ठेवला. “चांगला आहे, वहिनी.”

त्या वर्षी शेजारच्या हौदावर आणखी एक बाई उभी राहिली. तिला शिकवायला मात्र मावशी काकासारखी तीन दिवस थांबली नाही.