व्याह्यांच्या मोटरीत शिरलेलं पाणी

लेकीच्या गावाहून, नोव्हायहून, निघालो तेव्हा धपाट्यांचा डबा माझ्या मांडीवर होता. लेक मनीषा कामावर गेलेली, म्हणून गाडीत जावई नील, त्याचे वडील आणि मी. दोन्ही बाजूंना लाल-पिवळी झाडं, पेटल्यासारखी. माझी मान एका जागी ठरत नव्हती.

आणि मग तळं. पलीकडचा काठ नुसती रेघ! डॉकवर (होड्या बांधायच्या लाकडी धक्क्यावर) उभं राहिलं तर तळाचे गोटे दिसत होते.

"विहीणबाई, आज त्या काठाला नेतो तुम्हाला," व्याही म्हणाले.

त्यांच्या होडीमागची मोटर नीलच्या जन्माआधीची. आधी तिचं तेल बदलायचं होतं. त्यांनी खालचा स्क्रू काढून दह्याच्या रिकाम्या डब्यात तेल सोडलं. पहिल्यांदा पाणी आलं, मग दूध जास्त झालेल्या चहासारखं तेल.

"पाणी शिरलंय. थंडीत आत बर्फ होऊन मोटर फुटेल," नील म्हणाला. "बाबा, जस्ट स्क्रॅप इट."

"अरे, स्क्रूचा वॉशर असेल. चांगला दिसला म्हणून गेल्या वर्षी जुनाच परत लावला."

"आई, हे झिपलॉकच्या पिशव्यासुद्धा धुऊन वाळत घालतात!"

मी पदर तोंडाला लावला. पण व्याह्यांचा आवाज उतरला होता. "या देशात हौसेनं घेतलेली पहिली वस्तू आहे ही. नवा वॉशर लावतो. फिरून आल्यावर तेल पुन्हा पांढरं दिसलं, तर टाक भंगारात."

नवं तेल खालच्या भोकातून पंपाने चढवायचं, म्हणजे आत हवा राहत नाही. वरच्या भोकातून तेल कधी बाहेर येतं, ते बघायचं काम माझ्याकडे आलं.

"आलं! आलं!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या होडीतल्या गोऱ्या आजींनी टाळ्या वाजवल्या.

होडी निघाली. मोटरीच्या कुशीतून पाण्याची बारीक धार सुटली. "ती आहे तोवर मोटर तापत नाही," व्याही म्हणाले. पलीकडे पोचल्यावर त्यांनी मोटर बंद केली. वर आकाश, खाली आकाश, मधे आम्ही. धपाटं हातातच राहिलं माझ्या.

परत आल्यावर मोटर उभी ठेवून थांबलो. पाणी असलंच तर तळाशी बसतं. मग व्याह्यांनी खालचा स्क्रू जरासा सैल केला. डब्याच्या झाकणावर एक थेंब पडला. मधासारखा, आरपार.

"ओके, बाबा. यू विन."

व्याह्यांचा हात जुन्या वॉशरसकट खिशाकडे निघाला. नीलने तो वॉशर काढून घेतला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "आई, तुम्ही ठेवा. यांना देऊ नका."

घरी येईपर्यंत मी मूठ उघडली नाही. एवढं अफाट पाणी, आणि ते थोपवायचं काम नखाएवढ्या चकतीचं.