कडू दाणे

यांनी आयुष्यात दारूला हात लावला नाही. तरी यकृताचा कॅन्सर म्हटल्यावर मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कुजबुज सुरू झालीच. लोकांचं सोडा, माझा खरा राग दत्तमहाराजांवर होता. दर गुरुवारी देवळात राबणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे का, एवढंच मी त्यांना विचारत होते.

उत्तर मिळालं, आणि वाटलं, नसतं मिळालं तर बरं. हे सोनोग्राफीला आत गेले असताना डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. गाठीच्या तपासणीत एक जनुक बदललेलं सापडलं होतं, पेशींच्या वाढीला आवर घालणारं. "काकू, बुरशी आलेले शेंगदाणे कधी खाण्यात होते का यांच्या? वर्षानुवर्षं? त्या बुरशीच्या विषाने असा बदल होतो. त्यात यांच्या रक्तात हेपॅटायटिस बी या काविळीची जुनी लागण आहे. खात्रीने नाही सांगता येत, पण शक्यता दाट आहे."

तसे दाणे घरात नव्हते, देवळात होते. लोक दाणे-खडीसाखर वाहतात, उरलेलं पत्र्याच्या डब्यांत साठतं आणि पावसाळ्यात दाण्यांवर हिरवट बुरशी धरते. हे भाविकांना ताजा प्रसाद वाटायचे आणि जुने दाणे पुसून, भाजून स्वतः खायचे. प्रसाद टाकायचा नाही, हा यांचा नेम. घरी आणले की मी एक चावून थुंकायचे. "शी, किती कडू." हे हसायचे, "जीभ लाडावलीय तुझी."

यांना सांगायचं नाही असं मी ठरवलं. शरीर तर हातचं चाललंच होतं. ज्याच्या नावावर हा माणूस तग धरून होता, तो आधार मी कुठल्या तोंडाने काढून घेऊ?

पुढच्या गुरुवारी सलाइनमधून औषध द्यायचं होतं. आम्ही बाहेर बसलो होतो, यांना मळमळत होतं. शेजारी वाकोल्याहून नवऱ्याला घेऊन आलेली एक बाई होती. तिने पिशवीतून पुडी काढून यांच्यापुढे धरली. "घ्या काका, दत्ताचा प्रसाद. तोंडाला चव येईल." आत दाणे-खडीसाखर. यांनी हात पुढे केला आणि मी तो घट्ट धरला. "दाणे नकोत," माझ्या तोंडून निघून गेलं.

यांनी पुडीतल्या दाण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे त्या दाण्यांनी झालं का गं?"

मला रडू आवरेना.

"अगं, महाराजांनी कुठे सांगितलं होतं बुरशी खा म्हणून? तो माझा हट्ट." त्यांनी माझा हात सोडवला, एक दाणा उचलला, वास घेऊन चावला. "हा ताजा आहे. बघ खाऊन. आणि देवळातले ते डबे आजच्या आज कचऱ्यात ओत. नाहीतर माझ्यामागे दुसरा कोणीतरी हाच नेम धरून बसेल."

तेवढ्यात त्या बाईच्या नवऱ्याचा नंबर आला आणि ती गेली. पुन्हा कधी दिसली नाही. मला जे सांगवत नव्हतं ते तिच्या पुडीने सांगून टाकलं. दत्तजयंतीच्या आधीच हे गेले, पण महाराजांवर न रुसता गेले. त्यासाठी मी रोज हात जोडते. तीच पुडी चार-पाच वर्षं आधी का नाही आली, ही हळहळ मात्र जात नाही. तीही मी आता महाराजांच्याच पायाशी ठेवते, कारण दुसरीकडे कुठे ठेवणार?

गुरुवारची सेवा आता माझ्याकडे आहे. वाटण्याआधी मी एक दाणा चावून बघते. कडू लागला तर डबा सरळ ओतते. त्या वेळी मागून कोणी हसत नाही, जीभ लाडावलीय म्हणत नाही.