हाक मारून गवा

मुलांनो, तुम्ही तिकडच्या राष्ट्रीय उद्यानातले फोटो पाठवलेत आणि मला दाजीपूरच्या जंगलातलं एक जोडपं आठवलं. गेल्या हिवाळ्यात आम्ही एकाच जीपमध्ये होतो. नावं मी विचारली नाहीत.

बाईंना जन्मात एकदा गवा पाहायचा होता. नवरा कोल्हापुरातला म्हशीवाला. दिवाळीच्या पाडव्याला त्याची म्हैस त्याच्या हाकेसरशी मोटारसायकलमागे पळते, हे त्याने आम्हाला तीनदा ऐकवलं. बोलण्याआधी तो मिशीवरून हात फिरवायचा आणि मग शेजारच्या माणसाशीही नदीपलीकडे ऐकू जाईल असं बोलायचा.

पायवाटेवर गाईडने ओठांवर बोट ठेवलं. समोर झाडीत गवा उभा होता. बाईंनी मान उंचावली, तोच यजमानांचा हात मिशीकडे गेला.

"ये की रं राजा ऽऽ!"

झुडपं हलली. बाईंना शेपूटसुद्धा दिसलं नाही.

"नवखा हाय. मला वळखत न्हाय," असा खुलासा करून हा गृहस्थ गाईडला हाक मारण्याची रीत शिकवत पुढे निघाला. एवढा निर्लज्ज आत्मविश्वास मी शाळातपासणीसांतही पाहिला नव्हता.

बाई आणि मी दम खायला दगडावर टेकलो. थोड्या वेळाने गव्याची एक मादी वासराला घेऊन समोरूनच वाट ओलांडून गेली. पांढरे मोजे घातल्यासारखे तिचे पाय होते. बाईंनी माझा हात घट्ट धरला होता.

दुरून नवऱ्याचा आवाज आला, "काय दिसलं का गं?"

"न्हाय वो!" त्या ओरडल्या, आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "आज्जी, सांगू नगा हं. परत हाक मारतील."