पंचफुलाबाईची बांधी

अड्याळच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात एक जुना तलाव होता. त्याची पार, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा बांध, फुटून बरीच वर्षं झाली होती. पावसाचं पाणी यायचं आणि निघून जायचं, आणि ऐन लोंबी धरताना धान वाळायचं. बहात्तरच्या दुष्काळानंतर लक्ष्मणराव नावाचे एक कार्यकर्ते आणि त्यांचे सोबती माती-पाणी मंडळ घेऊन गावोगाव हिंडू लागले. पार पुन्हा बांधायची तर गावानं हातभार लावायचा होता. कोणी बैलगाडी दिली, कोणी मजुरांच्या जेवणाला तांदूळ. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते टोपली-फावडं घेऊन आले. पंचफुलाबाईकडे मात्र तिची बांधी मागितली गेली.

तलावाच्या पोटाला लागून असलेलं ते धानाचं शेत बापानं तिच्या नावानं दिलेलं. दुसरी जमीन नव्हती. पार उभी राहिली की पाणी तिथवर चढणार होतं. आणि त्याच बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावरच्या पळसाखाली, तिची बेबी पुरलेली होती. सहा वर्षांची पोर तापानं गेली. मग मूल झालं नाही.

लक्ष्मणराव घरी आले तेव्हा तिचा नवरा जागेश्वर त्यांना बसाही म्हणाला नाही.

"नुसती जमीन मांगितली असती तं बोललो नसतो. तुमी माही पोरगी बुडवाले मांगून राहिले."

लक्ष्मणराव दारातूनच वळले. "नाही म्हटलं तरी राग नाही, भाऊ," एवढंच बोलून गेले.

त्या वर्षी पाऊस लवकर तुटला. शेजारच्या केशरबाईचं धान लोंबीतच पांढरं पडलं. बेबीला शेवटची आंघोळ याच केशरबाईनं घातली होती. ती आता गुरांना टाकायला ते फोल धान कापत होती, रडतही नव्हती. पंचफुलाबाई विळा घेऊन दिवसभर तिच्यासोबत वाकली. संध्याकाळी घरी न जाता सरळ मंडळाच्या बैठकीत गेली.

"माही बांधी घ्या," म्हणाली, आणि उभ्याउभ्याच परतली.

"मले इचारलं काहून नाही?" जागेश्वरनं विचारलं.

"इचारलं असतं तं तुमी नाही म्हटलं असतं. मंग माह्यानं झालं नसतं."

तो म्हणाला, "तिले काढून दुसरीकडे ठेवू."

"नका हो. झोपली हाय ते. उठवू नका."

जागेश्वर वरठीला निघून गेला, रेल्वे स्टेशनावर हमाली करायला. आधी आठवड्याला यायचा, मग सणाला. पंचफुलाबाई दोन उन्हाळे पारीवर माती टाकायला गेली. बाकीच्या बाया गाणी म्हणायच्या. तिच्या डोक्यावर टोपली असली की त्या आपोआप थांबायच्या.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला. गावानं पारीवर नारळ फोडला. ती मागच्या अंगानं बांधीकडे गेली, तर जागेश्वर आधीच तिथे होता. वरठीहून कधी आला, कोणाला ठाऊक नव्हतं. पळसाजवळ गुडघाभर पाण्यात उभा होता.

"बाहेर या," ती म्हणाली.

"पानी लय थंडं हाय, पंचफुला."

ती पाण्यात उतरली, त्याचा हात धरून त्याला बाहेर घेऊन आली. तो घरी आला नाही. तसाच ओल्या धोतरानं वरठीच्या वाटेला लागला. काही वर्षांनी तिथेच आजारी पडून वारला. निरोप आला तोवर लोकांनी त्याला अग्नी दिला होता.

गावात धान पिकू लागलं. पंचफुलाबाई मात्र दुसऱ्यांच्या बांधीत रोवणं करून पोट भरत राहिली.

मंडळानं पुढे दुसऱ्या गावात काम धरलं. तिथल्याही एका बाईची जमीन पाण्यात जाणार होती. लक्ष्मणरावांनी पंचफुलाबाईला विचारलं, "येता का? तुमचं ऐकेल ती."

"येतो. पन तिले दे म्हननार नाही."

ती गेली. त्या बाईच्या अंगणात दुपारभर तिच्याजवळ बसली. त्या बाईनं सुपात घेतलेले तांदूळ दोघी मिळून निवडत होत्या. लक्ष्मणराव बाहेर रस्त्यावर थांबले होते, आणि आतून फक्त सुपात तांदूळ सारल्याचा आवाज येत होता.