सुमीला आधी विचारा

मास्तरकीत माणूस श्रीमंत होत नाही, पण किस्स्यांची कमाई रग्गड! चाळीस पोरं एका खोलीत कोंबली की रोज एखादा आपसूक पदरात पडतो. आणि सत्तरच्या सुमाराला आमच्या कोल्हापूरच्या शाळेत सुमी आली, तेव्हापासून तर स्टाफरूममधला चहा रोज गार व्हायला लागला.

सुमी दुसरीत. चुणचुणीत पोर, पाढे तोंडपाठ. पण शाळेचा टोल पडला की कान दाबून थेट बाकाखाली! कुणी हळूच हात लावला तरी अंग चोरायची. आधीच्या शाळेने 'हट्टी' म्हणून घरी पाठवलेली. तिचे वडील आप्पा पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बाई, दिवाळीपत्तोर बघा. न्हाय जमलं तर दाखला काढतो. पोरीची जात, बसंल घरात."

अशा मुलांच्या त्रासाला काही नाव असतं, हे तेव्हा आम्हाला कुठलं ठाऊक! सुमीलाच विचारत विचारत शिकायचं, एवढंच हातात होतं.

*

एकदा सुमी बाईसाहेब गणवेश उलटा घालून आल्या. शिवण बाहेर, खिसे बाहेर.

"अगं, उलटं घातलंयस की!"

"आतनं चावतंय, बाई."

झालं! 'चावतंय' ऐकल्यावर अख्ख्या वर्गाने बाकं आडवी करून ढेकूण शोधले. सुमीच्या अंगावर एकही नव्हता. हेडसरांच्या खुर्चीत मात्र तीन निघाले!

चावत होती ती शिवण. पण हेडसर ऐकेनात. "गणवेश म्हणजे गणवेश! उद्यापासून सुलटा!"

आठवड्यातच पंधरा ऑगस्ट आला. हेडसर सासऱ्यांनी दिलेला नवा लोकरीचा कोट घालून भाषणाला उभे राहिले आणि पहिल्या वाक्यापासून मान खाजवायला लागले. भाषण एरवी तासभर चालायचं, ते सात मिनिटांत आटोपलं! खाली उतरून मला हळूच म्हणाले, "बाई, त्या पोरीला उलटा चालेल."

*

डब्याचं एक निराळंच. दूधभात बघितला की सुमीला ओकारी यायची, आणि कांदा-लसूण चटणी मात्र नुसती बोटाने चाटायची. मी म्हटलं, नखरे आहेत, मोडून काढू. "तू दूधभाताचा एक घास खा, मी चटणीचं एक बोट खाते."

तिने घास तोंडात घेतला आणि काढून टाकला. मी बोट चाटलं आणि तांब्याभर पाणी प्यायले. डोळ्यांतून धारा!

सुमीने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तुमास्नी बी सोसंना व्हय, बाई?"

त्यानंतर तिच्या डब्याबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

*

ड्रिलचे सर तालमीत वाढलेले. त्यांची शाबासकी म्हणजे पाठीत थाप, आणि ती खाऊन पोरं दोन पावलं पुढं जायची. सुमीने कवायत झकास केली आणि सरांचा हात उठला. मी "सर, नको!" म्हणेपर्यंत धप्पकन आवाज आला. मी डोळेच मिटले.

"सर, आनी येक द्या की!"

हलका हात तिला झोंबायचा आणि भक्कम हात आवडायचा! मग ती चुळबुळायला लागली की मी तिच्या हातात पाट्यांचा जड गठ्ठा देऊन शेजारच्या वर्गात पाठवायची. पोर शांत होऊन परत यायची. शेजारच्या बाई मात्र वैतागल्या. "अहो, दिवसातनं चारदा त्याच पाट्या काय पाठवताय?"

*

आमचा टोल म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. मारायचे शिपाई गुंडूमामा. 'सांगून मारला तर चालतो' हे सुमीनेच त्यांना सांगितलेलं. म्हणून मामा आधी आमच्या खिडकीशी यायचे. "सुमे, मारू का?" ती कानात बोटं घालून म्हणायची, "मारा, मामा!" मग टोल. शाळा मिनिटभर उशिरा सुटायची, पण कुणाची तक्रार नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीआधी आप्पा दाखला न्यायला वर्गाच्या दारात आले. गुळाच्या सौद्यात लिलावाचा पुकारा करणारा माणूस. साधं बोलले तरी गल्ली गोळा व्हायची. मला म्हणाले, "घरात मी आलो की अजून माळ्यावर पळती. शाळंत काय दिवं लावनार?" मी काकुळतीला आले, हातापाया पडायचंच बाकी राहिलं होतं. तेवढ्यात खिडकीशी मामांचा आवाज आला, "सुमे, मारू का?"

आप्पांनी धावत जाऊन मामांची गचांडीच धरली. "कोन मारतंय रं माझ्या पोरीला?"

सुमी बाकाखाली!

"टोल, आप्पा, टोल!" मामा कसेबसे म्हणाले. "तिला इचारून मारतो. म्हंजी भीत न्हाय."

आप्पांचा हात सुटला. बाकाखालून बारीक आवाज आला, "मारा, मामा!"

टोल पडला. सुमी बाहेर आली, फ्रॉक झटकला आणि पाटी घेऊन बसली.

आप्पा चपला हातात घेऊन खिडकीशी सरकले, गजांना तोंड लावलं आणि मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले,

"पोरी, हाक मारू का?"